हात मातीत, पाय पोटात!

तुमचे डोळे जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असतात. दीड-दोन वर्षांच्या पोराचे जेमतेम अडीच फुटांवर. त्याने फतकल मारली की फूटभरावर! म्हणजे सोसायटीच्या बागेत तुम्ही दोघं हातात हात घालून फिरत असलात, तरी बघत असता दोन वेगळ्या बागा. तुम्हाला दिसते बोगनवेल, कुणाची तरी चुकीची पार्क केलेली गाडी आणि मोबाइलवर आलेला बॉसचा मेसेज. त्याला दिसते पेव्हर ब्लॉकच्या फटीतून निघालेली मुंग्यांची रांग, त्यातल्या एकीच्या तोंडात साखरेचा कण आणि पलीकडे कुंडीखालून हळूच बाहेर येणारं काहीतरी तपकिरी, चकचकीत, खूप पायांचं.

आणि तो थांबतो. तुम्ही म्हणता, ‘चल ना राजा, उशीर होतोय.’ तो ढिम्म हलत नाही. कशाचा उशीर होतोय हे शनिवारच्या सकाळी तुम्हालाही सांगता येत नाही, पण सवय!

तर मंडळी, या वीकएण्डला तो जिथे थांबेल तिथे तुम्हीही थांबा. नुसते थांबू नका, खाली बसा. गुडघ्याला माती लागेल, लागू दे. जीन्स नावाची वस्तू त्यासाठीच जन्माला आली होती.

हल्ली ‘सेन्सरी प्ले’ हा मोठा फंडा आहे. रंगीत वाळू डबाबंद मिळते, प्लॅस्टिकचे किडे पाकिटात मिळतात आणि मॉलमधल्या प्ले-झोनमध्ये तासाच्या हिशेबाने पैसे मोजून पोरं ती वाळू उपसतात. त्यात वाईट काही नाही. पण प्लॅस्टिकचा किडा उलटा टाकला तर तो सरळ व्हायला धडपडत नाही, हात लावला तर अंग चोरत नाही, आणि उद्या त्याच जागी गेलात तर तो गेलेलाही नसतो. पोराला खरं कुतूहल असतं ते याच गोष्टींचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. त्यात एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल हवी आणि एक वर्षाच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको असं म्हटलंय. तीन तास! आपल्याला जिमची वीस मिनिटं जमत नाहीत. पण मातीच्या ढिगाऱ्याशेजारी सोडलेलं पोर त्यातला एक तास कसा संपवतं, ते त्यालाही कळत नाही.

आता खरा अडथळा. तो मातीत नाही, आपल्या तोंडात आहे. ‘शी!’

पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं, की अगदी लहान मुलांना किळस अशी नसतेच. दोन वर्षांखालची पोरं मोठ्यांना बघवणार नाहीत अशा वस्तू खुशाल तोंडात घालतात. किळस पुढे येते आणि ती बरीचशी आजूबाजूच्यांचे चेहरे बघून येते. म्हणजे आपला दीड वर्षांचा बंड्या गांडूळ चिमटीत धरून ‘हे बग!’ म्हणत येतो तेव्हा तो प्रश्न विचारत असतो. हे छान आहे की घाण? घाबरायचं की हसायचं? उत्तर आपल्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. आई किंचाळली, बाबा दोन पावलं मागे सरकला, आजीने गॅलरीतून ‘अगं, कशाला त्या घाणीत सोडलंयस त्याला!’ असा आवाज दिला, की झाला धडा पाठ. चार-पाच वर्षांचं होईपर्यंत तेच पोर झुरळाच्या मिशीलाही घाबरून सोफ्यावर चढतं, आणि आपण मित्रमंडळीत सांगतो, ‘आमचा जरा भित्राच आहे हं.’

तुम्हाला स्वतःला किळस येत असेल तर येऊ द्या, नाटक नको. पण ‘शी’च्या जागी ‘अरेच्चा!’ म्हणायला काही पैसे पडत नाहीत. आणि हात लावायचा नसेल तर काडी आहे, पान आहे.

आजीच्या ‘घाणी’बद्दलही थोडं बोलू या, कारण तिची काळजी अगदीच खोटी नाही. डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश संशोधकाने १९८९ मध्ये एक तर्क मांडला होता. मोठ्या कुटुंबातल्या, भावंडांत वाढलेल्या मुलांना परागकणांची अ‍ॅलर्जी कमी होते, कारण बहुधा लहानपणीच त्यांची जंतूंशी ओळख होते. त्यावर तेव्हापासून बरीच भवति न भवति झाली. रोगजंतूंशी नव्हे, तर मातीतल्या, झाडांवरच्या, प्राण्यांच्या अंगावरच्या निरुपद्रवी जीवाणूंशी ओळख महत्त्वाची, असं आता म्हटलं जातं. फिनलंडमध्ये तर थेट प्रयोगच झाला. तिथल्या काही पाळणाघरांच्या उघड्याबोडक्या अंगणात जंगलातल्या मातीचा थर, गवत आणि झाडं लावायच्या पेट्या आणून टाकल्या. तीन ते पाच वर्षांची मुलं २८ दिवस त्यात रोज खेळली. मुलांच्या त्वचेवरच्या जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्ताच्या तपासणीत प्रतिकारशक्ती ताळ्यावर ठेवणाऱ्या घटकांतही बदल दिसला. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. मुलं मोजून ७५ होती, त्यामुळे ‘माती खा, अ‍ॅलर्जी पळवा’ असा फॉरवर्ड लगेच फॅमिली ग्रुपवर टाकू नका. पण अंगणात माती असावी एवढं म्हणायला हा प्रयोग पुरेसा आहे.

चला, आता मंडळींची ओळख. मान पहिला गांडुळाचा.

पावसाची सर थांबली की बागेच्या कडेला मातीच्या बारीक शेवयांसारख्या गुंडाळ्या दिसतात. ती गांडुळाची विष्ठा. आधी ती दाखवा, मग मालक शोधा. गांडुळाला डोळे नाहीत, कान नाहीत, नाक नाही. तो श्वास घेतो त्वचेने, म्हणून त्याची त्वचा ओली हवी. हातावर घ्यायचा असेल तर आधी हात ओला करा, आणि मिनिटभरात परत मातीत. पावसात बिळात पाणी भरतं, गांडुळं बुडायला लागतात म्हणून वर येतात, असं आपण शाळेत शिकलो. पण बऱ्याच जातींची गांडुळं पाण्यात चांगला वेळ तग धरतात. ओल्या जमिनीवरून अंग न सुकवता लांब जाता येतं, म्हणूनही ती बाहेर पडत असावीत. आणि हो, दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात ही निव्वळ थाप आहे. कुणी मोठा दादा प्रयोग करायला निघाला तर वेळीच अडवा.

एक मस्त गंमत मात्र करून बघा. मोठंसं गांडूळ क्षणभर कोरड्या कागदावर ठेवा आणि कान जवळ न्या. खसखस असा बारीक आवाज येतो. त्याच्या अंगाला खाली बारीक ताठ केस असतात, ते कागदावर घासतात. दोन वर्षांच्या पोराचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होतो. तुमचाही होईल.

गांडुळांवर जीव टाकणारा सगळ्यात मोठा माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन. १८८१ मध्ये, वारण्याच्या आदल्या वर्षी, त्याने आख्खं पुस्तक लिहिलं ते गांडुळांवर. घरात कुंड्यांमध्ये गांडुळं पाळली. त्यांना ऐकू येतं का हे बघायला शिट्टी वाजवली, मुलाला बसून नावाचं भोंग्यासारखं वाद्य वाजवायला लावलं. गांडुळं थंड! पण कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवल्याबरोबर ती बिळात पळाली. आवाज नाही, पण थरथर कळली. आता तुमच्याकडे पियानो नसेल, पण पोर ज्यावर चमच्याने बडवतं ते पातेलं आहेच.

दुसरा हिरो वाणी. कोकणात कुणी त्याला पैसाही म्हणतात, कारण हात लावला की नाण्यासारखा गोल गुंडाळून पडतो. पोरांना यापेक्षा भारी खेळणं सापडणार नाही. स्पर्श केला, गुंडाळला. थांबलो, उलगडला. परत! वाट बघणं ही गोष्ट दोन वर्षांच्या जिवाला शिकवणं किती कठीण आहे हे कुठल्याही आईला विचारा, आणि इथे वाणी ती फुकटात शिकवतो. त्याच्या अंगाच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. इंग्रजीत त्याला ‘हजार पायांचा’ म्हणतात खरं, पण खरोखर हजाराच्या वर पाय असलेला वाणी जगाला माहीत झाला तो २०२१ मध्ये. पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनीच्या खोल पोटात सापडला, पाय १,३०६. बुटांचं बिल कुणी भरायचं!

वाणी चावत नाही, पण घाबरला की काही जातींच्या अंगातून एक द्रव निघतो. त्याने बोटं तपकिरी होतात, चुरचुरतात. त्यामुळे त्याला पानावर चालवावा आणि डोळ्याला हात लावायच्या आत हात धुवावेत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याची आणि गोमेची गल्लत करू नये. गोम चपटी, चपळ, प्रत्येक वळीला पायांची एकच जोडी, आणि ती चावते. वाणी गोलसर, संथ, आपल्याच तंद्रीत. सरकारी ऑफिसात फाइल सरकते तसा सरकतो तो वाणी, आणि डेडलाइनला आपण पळतो तशी पळते ती गोम. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मृगाचा किडा तुम्ही शेवटचा कधी बघितला होता? साधारण ७-८ जूनला मृग नक्षत्र लागतं आणि पहिले एक-दोन पाऊस झाले की मोकळ्या माळावर, टेकडीवर लालभडक मखमलीचे ठिपके चालताना दिसतात. तोच तो. नाव किडा असलं तरी पाय आठ, म्हणजे नातं कोळ्याशी. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली असतो, बाहेर दिसतो तो मोजके दिवस. काडेपेटीत भरून घरी आणायचा मोह आपल्या पिढीतल्या पुष्कळांनी पुरा केलाय. पण तो मातीतच शोभतो, काडेपेटीत मरतो. तळहातावर चालवा, गुदगुल्या होऊ द्या, सोडून द्या.

गोगलगायीचं मात्र जरा जपून. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण भोळ्या दिसणाऱ्या बेरकी माणसासाठी वापरतो, आणि मुंबई-ठाण्याच्या बागांत पावसाळ्यात दिसणारी ती मुठीएवढी तपकिरी गोगलगाय या म्हणीला अगदी जागते. ती मूळची आफ्रिकेची. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या साहेबाने तिला मॉरिशसहून कोलकात्याला आणलं आणि पुढे तिने देशभर हातपाय, म्हणजे पोटच, पसरलं. तिच्या चिकट द्रवात उंदरांकडून आलेल्या एका परजीवीच्या अळ्या असू शकतात. म्हणून ती बघायची, हात लावायचा नाही. काचेच्या तावदानावर चालत असेल तर दुसऱ्या बाजूने तिचं पोट लाटेसारखं कसं सरकतं ते दाखवा. पोटातले पाय तेच!

टेकडीवर, मातीचा वास आला की पोराला उचलून विचारा, ‘वास कशाचा?’ पहिल्या पावसाच्या या वासाला पेट्रिकोर हे नाव १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या जोडीने दिलं. त्याआधी कितीतरी काळ आपल्याकडे कनौजला तोच वास मातीच्या अत्तरात भरला जात होता, हे सोडा. त्यातला ‘मातकट’ भाग जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि तो तयार करतात मातीतले जीवाणू. कशाला? २०२० मध्ये त्याचं एक छान उत्तर मिळालं. स्प्रिंगटेल नावाचे मातीतले टाचणीच्या डोक्याएवढे उडीबहाद्दर या वासाने ओढले जातात, जीवाणू खातात आणि त्यांची बीजं अंगावरून दूरवर नेऊन टाकतात. म्हणजे आपण ज्याला रोमँटिक मूड म्हणतो, ती खरं तर कुणाची तरी कुरिअर सर्व्हिस आहे!

तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. बाल्कनीत कढीपत्त्याची किंवा लिंबाची एक कुंडी ठेवा आणि फवारणी करू नका, बस. लिंबाच्या कुळातल्या या झाडांवर काही फुलपाखरं अंडी घालतात. सुरुवातीची अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे खाणाऱ्याने तोंड फिरवावं अशी योजना. मग ती हिरवीगार होते, आणि डिवचली की डोक्यामागून लालसर शिंगांची जोडी बाहेर काढते, तिला उग्र वास येतो. कढीपत्ता फस्त होईल, त्या महिन्यात फोडणीला मंडईतून आणा. कोष, मग एका सकाळी ओले पंख. साधारण महिन्याभराचा हा सिनेमा आहे आणि रोजचा एपिसोड दोन मिनिटांचा, ऑफिसला निघायच्या आधी बसणारा. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं. असं फुलपाखरू ठरवणारं आपलं पहिलं राज्य. तेही याच लिंबाच्या कुळावर पोसतं.

बाहेर पडायचं तर पुणेकरांना तळजाई, वेताळ टेकडी आणि एम्प्रेस गार्डन आहेच. मुंबईकरांनी धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जावं. एके काळच्या कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलेलं ते जंगल आहे, मातीला संधी दिली तर ती काय करते ते तिथे दिसतं. ठाण्यात ओवळेकर वाडीची फुलपाखरांची बाग आहे. वेळा आधी बघून जा. पण खरं सांगू? दोन वर्षांच्या पोराला घेऊन दीड तास ट्रॅफिकमध्ये बसण्यापेक्षा सोसायटीच्या कंपाउंडचा तो एक कोपरा बरा, जिथे माळ्याचा झाडू पोचत नाही.

आणि तोच कोपरा वाचवायची वेळ आली आहे. नव्या सोसायट्यांत बाग म्हणजे पेव्हर ब्लॉक, कृत्रिम लॉन आणि दर पंधरवड्याला पेस्ट कंट्रोल. पान पडलं की उचल. वाणी, गांडूळ, स्प्रिंगटेल या सगळ्यांचं जेवण म्हणजे तीच कुजलेली पानं, ती गेली की ही मंडळी गेली. मग आपण पोरांना ‘नेचर कॅम्प’ला पाठवायला पैसे भरतो! सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगचं भांडण संपलं की हात वर करा आणि तीन गोष्टी मागा. एका झाडाखालची पानं तशीच राहू द्यावीत. पानं जाळू नयेत (उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली आहे). आणि फवारणीची तारीख आधी बोर्डावर लावावी, म्हणजे त्या दिवशी पोरं बागेत उतरणार नाहीत. सेक्रेटरी काका तोंड वाकडं करतील. त्यांच्या नातवाला बरोबर घेऊन जा.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला हे सगळं केव्हाच करून ठेवलंय. १९४५ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या बालशिक्षणाच्या कामात महागड्या साहित्याऐवजी पानं, बिया, दगड, शंख-शिंपले आले. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. आज आपण ‘आउटडोअर लर्निंग’साठी जी फी भरतो, तिची पावती बघताना हे आठवायला हरकत नाही.

आता काळजी घ्यायच्या गोष्टी, पटापट. दगड, कुंडी उचलताना आधी तुम्ही उचला, तीही काडीने आणि आपल्याकडे उघडेल अशी नव्हे. खाली विंचू असू शकतो. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी उपचार शोधून कित्येक मुलांचे जीव वाचवले हे खरं, पण दंश झालाच तर मंत्र-लेप नको, थेट हॉस्पिटल. बिळात बोट नाही. केसाळ सुरवंटाला हात नाही, विशेषतः पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर थव्याने बसलेल्यांना. कुत्र्या-मांजरांनी घाण केलेली वाळू नाही, आणि अशा जागी अनवाणी तर नाहीच, कारण हूकवर्मच्या अळ्या पायाच्या कातडीतून शिरतात. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात नाचणं बंद. त्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि लेप्टो ही चेष्टा नाही. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानचा त्रिगुणी लशीचा बूस्टर झालाय ना, ते कार्डावर बघा. नखं कापलेली हवीत. घरी आल्यावर साबणाने हात. एखाद् वेळी मातीची चिमूट तोंडात गेली तर आभाळ कोसळत नाही, पण पोर रोज, शोधून शोधून माती खात असेल तर ते कुतूहल नाही. डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन तपासा, लोह कमी असू शकतं. आणि जंतांचं औषध! एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिवस असतो, साधारणपणे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला. गोळी अंगणवाडीत फुकट मिळते.

पाऊस संपला म्हणून मातीला सुट्टी द्यायचं कारण नाही, दिवाळीचा किल्ला आहे ना! तयार प्लॅस्टरचा किल्ला आणलात तर आमची-तुमची कट्टी. पोतंभर लाल माती, थोडे दगड, जुनं गोणपाट आणि बादलीभर पाणी एवढंच लागतं. बुरूज मोठ्यांनी करावेत, चिखल कालवायचं खातं धाकट्याकडे द्यावं. त्यावर अळीव पेरायचे. दोन-चार दिवसांत कोंब दिसतात, दोन वर्षांच्या माणसाला तेवढीच वाट बघता येते. महाराज सिंहासनावर बसतील, मावळे पायथ्याशी उभे राहतील आणि एखाद्या सकाळी गुहेच्या तोंडाशी खराखुरा वाणी येऊन गुंडाळून पडलेला असेल. त्याला हाकलू नका, तो गडकरी आहे.